साडेसहाची नळी

सूरीने माझ्या वडिलांना, अण्णांना, फसवलं. दिल्लीत काश्मिरी गेटजवळ बंदुकांचं दुकान चालवणारा सूरी आणि त्याच्या शेजारी काउंटरवर बसणारा त्याचा मुलगा नरेश, या दोघांनी मिळून आमच्या रायफलीची चांगली नळी खराब आहे म्हणून काढून घेतली, तिच्या जागी भलतीच बसवली, आणि पुढे चौकशीत ही रायफल आमच्या दुकानात कधी आलीच नव्हती असं सांगितलं. त्यात अण्णांची नोकरी गेली, सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर गेलं, आणि कागदावर माझे वडील कायमचे खोटारडे ठरले. हे सगळं आधीच सांगून टाकते. सौद्यात मुख्य गोष्ट पहिल्यांदा बोलावी अशी माझी सवय आहे. बाकीचं आता सावकाश सांगते.

रायफल माझ्या आजोबांची. ते सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहानशा संस्थानात जंगल खात्यात होते, आणि तिथल्या राजाने निवृत्तीच्या वेळी त्यांना पैशांऐवजी ही रायफल दिली होती. ऑस्ट्रियन बनावटीची, साडेसहा मिलिमीटरची. तिचं लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेलं होतं, त्यामुळे ती लहान चणीची पण अंगभर कपडे घातलेल्या बाईसारखी दिसायची. तिच्या पोटात काडतुसांसाठी फिरतं चक्र होतं. वरून एकेक काडतूस दाबलं की चक्र एक घर पुढे सरकायचं आणि आतून 'टिक' असा आवाज यायचा. पाच टिक झाले की भरली. मग कडेचं लहान बटण दाबलं की पाचही काडतुसं एकदम उसळून सतरंजीवर पडायची. लहानपणी मला हा खेळ फार आवडायचा. अण्णा रविवारी पोहे झाल्यावर रायफल साफ करायला बसायचे, आणि मी बटण दाबायला मिळावं म्हणून समोर बसून राहायची. पोह्यांवरच्या खोबऱ्याचा आणि बंदुकीच्या तेलाचा एकत्र वास म्हणजे माझ्यासाठी रविवार.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, तळमजल्यावरचं, मागे अंगण. अंगणात कढीपत्त्याचं झाड होतं आणि सगळ्या ब्लॉकच्या बायका त्याची पानं मागायला यायच्या. (आता ती क्वार्टर्सच पाडली. त्या जागी उंच इमारती उभ्या राहताहेत. परवा मेट्रोतून उतरून गेले तर आमचा ब्लॉक नेमका कुठे होता तेसुद्धा मला सांगता येईना.) रायफल राहायची दिवाणाच्या पेटीत, रजयांच्या खाली. दिल्लीत थंडी सुरू झाली की रजया काढायच्या, म्हणजे आधी रायफल काढायची. आई वैतागायची. "हिला एकदा कुठे नीट जागा द्या हो. माणसांना झोपायला जागा नाही आणि ही बाई पलंगात झोपते." अण्णा हसून म्हणायचे, "अगं, घरातली सगळ्यात कमी बोलणारी आहे ती."

अण्णा एका मिनिस्ट्रीत अप्पर डिव्हिजन क्लार्क होते. आयुष्यात त्यांनी एकही हरीण मारलं नाही. झुरळ मारायलासुद्धा ते आईला हाक मारत. पण आजोबांकडून त्यांच्याकडे जुने कॅटलॉग आले होते, इंग्लंड-अमेरिकेतले, हरणाच्या शिकारीच्या रायफलींचे, आणि ते त्यांना तोंडपाठ होते. दुसऱ्या मुलींचे वडील पाढे म्हणून घेत, माझे वडील काडतुसं म्हणून घेत. थर्टी-थर्टी म्हणजे अमेरिकेतल्या दाट झाडीत हरणामागे जाणाऱ्याचं, दीडशे पावलांच्या आतलं. त्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक झोपतात, म्हणून गोळीचं टोक बोथट ठेवायचं. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटली तर बार तिथेच उडायचा. दोनशे पंचाहत्तर हे सभ्य माणसाचं, खांद्याला धक्का कमी. थर्टी-ओ-सिक्स लांब पल्ल्याचं, पण खांदा मागणारं. तीन-पंधरा हे आपल्या देशातल्या कारखान्यात होणारं, जड, साधं, बुडाला बाहेर आलेली कड असलेलं. "आणि आपलं?" असं विचारलं की मी म्हणायची, "साडेसहा चोपन्न. साडेसहाची गोळी, चोपन्न मिलिमीटरचं कवच. गोळी लांब, बारीक, तोंड गोल. बुडाला बाहेर आलेली कड नाही." "कड का नाही?" "कड असती तर चक्रात अडकली असती." अण्णा खूष व्हायचे. दहा वर्षांच्या मुलीला हे पाठ होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

माझ्या नातीला परवा सांगायला गेले तर ती म्हणाली, "आजी, काडतूस मीन्स?" मी म्हटलं, कारतूस. तेव्हा कुठे तिला कळलं. दिल्लीत वाढलेली पोरं आमची. माझी मुलगीसुद्धा तशीच. दोष कोणाला द्यायचा.

शिकारीवर बंदी आली तेव्हा मी शाळेत होते, पहाडगंजच्या मराठी शाळेत. त्यानंतर रविवारची साफसफाई सुटली आणि रायफलीला घरात एकच काम उरलं, खंडेनवमीची पूजा. आई पाटावर धुतलेलं धोतर अंथरून रायफल आडवी ठेवायची. शेजारी डब्यातली काडतुसं ओळीने उभी करायची. अठरा उरली होती. प्रत्येकाला ओलं हळदीकुंकू, अक्षता, फूल. नळीच्या तोंडाला कुंकवाचं बोट, आणि नळीत देठासकट एक झेंडू खोचलेला. तो झेंडू दसऱ्याला संध्याकाळीच निघायचा, सोनं वाटून झाल्यावर. आपटा तिथे कुठला, आम्ही कचनारची पानं वाटायचो. शेजारच्या शर्माकाकू दरवर्षी बघायला यायच्या आणि दरवर्षी तेच विचारायच्या, "भाभीजी, पूजा तो हो गयी, चलेगी कब?" आई श्रीखंडाची वाटी त्यांच्या हातात देत म्हणायची, "चलेगी तो आप ही भागोगी सबसे पहले."

पितळी काडतुसं हळूहळू काळपट हिरवी पडायला लागली. आईला ते बघवेना. देवाची भांडी घासतो तशी तिने ती चिंचेने घासली. एकदा नाही, दरवर्षी. लखलखीत व्हायची आणि महिन्याभरात पुन्हा हिरवी. अण्णांनी एकदा हळूच म्हटलं, "अगं, चिंचेने बरं नाही होत त्यांना." आई म्हणाली, "मग देवापुढे हिरवी ठेवू?" विषय संपला. अण्णांचे घरातले सगळे विषय असेच संपायचे. बाहेरचेही. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. म्हणून बाहेरची खरेदी माझ्याकडे आली. सरोजिनीच्या बाजारात ब्लॉकमधल्या बायका मला बरोबर न्यायच्या. स्वेटरवाला मला लांबून बघूनच म्हणायचा, "आ गयी मराठन, आज का दिन गया." मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा! सतरा वर्षांची होते. डोकं तापट, जीभ तिखट, आणि जगात मला कोणी फसवू शकत नाही अशी खात्री.

त्या वर्षी लायसन्स नव्याने करून घ्यायला अण्णा गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले. तिथल्या अधिकाऱ्याने काडतुसं दाखवा म्हटलं. यांनी डबा उघडला. तो म्हणाला, "पंडितजी, ये कारतूस हैं या अचार?" मग म्हणाला, जी चालत नाही आणि जिला काडतूस मिळत नाही ती बंदूक घरात ठेवून करता काय? महिन्याभरात चालू स्थितीत आणून दाखवा, नाहीतर जमा करून टाका. अण्णा जेवले नाहीत. ताटात आमटी-भात तसाच. म्हणाले, "बाबांची एवढी एकच वस्तू आहे माझ्याकडे." मी म्हटलं, "अण्णा, बिल्कुल जमा करायची नाही. उद्या दुकानात जाऊ. मी येते." आई म्हणाली, "घेऊन जा हिला. ही असली की कोणी लुबाडणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसने गेलो. रायफल चादरीत गुंडाळलेली, लायसन्स अण्णांच्या खिशात. सूरीचं दुकान अरुंद आणि खोल होतं. भिंतीवर भरलेली सांबराची मुंडकी, एकाचा काचेचा डोळा निखळलेला. सूरी अंगाने भरलेला, सफारी सूट, बोलणं मधाळ. नरेश तेव्हा पंचविशीतला असेल. मागच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री कानसीने काहीतरी घासत होते. त्यांनी एकदा मान वर करून रायफलीकडे बघितलं, पुन्हा खाली घातली.

सूरीने रायफल हातात घेतली, बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, मागेपुढे केला, आणि क्षणभर गप्प झाला. बोल्ट असा सरकायचा जणू लोण्यातून. आज आठवलं की ती त्याची शांतता मला ऐकू येते. तेव्हा आली नाही. त्याने रायफल नरेशकडे दिली. नरेशने बोल्ट काढला, मागच्या भोकात पांढरा कागद धरला, ट्यूबलाइटखाली नळी डोळ्याला लावली.

"पापाजी, ये तो कोयले की खान है."

"दिखा. ओहो. लो जी, आप भी देखो."

अण्णांनी बघितलं. मी बघितलं. आत काळं होतं, आणि तोंडाशी नारिंगी कडं. गंजासारखं.

"पानी डालते थे क्या इसमें?" सूरीने विचारलं.

अण्णांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. हळद, कुंकू, झेंडू, चिंच. नरेश पोट धरून हसला. "इमली! पापाजी, कारतूस को इमली लगाते हैं ये लोग. चटनी बनानी थी क्या, अंकल?" मला संताप आला. मी म्हटलं, "हसायला बोलावलं नाही. ठीक होगी की नहीं, वो बोलो."

सूरीने मुलाला डोळ्यांनी दटावलं आणि माझ्याकडे वळला. बोलायचं कोणाशी हे त्याला तेवढ्यात कळलं होतं. नळी मेली आहे, म्हणाला. आणि जिवंत असती तरी साडेसहाचं काडतूस आता देशात कुठे मिळणार नाही. उपाय एकच, तीन-पंधराची देशी नळी बसवायची. काडतूस हवं तेव्हा मिळेल, अधिकारी खूष, बंदूक घरात.

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "लेकिन सूरीसाहेब, तीन-पंधराला कड असते. ती या चक्रात..."

"अण्णा, तुम्ही थांबा जरा," मी म्हटलं.

ते थांबले.

मला ठाऊक होतं ते काय म्हणत होते. मलाही पाठ होतं. पण माझं सगळं लक्ष सूरीच्या तोंडाकडे होतं, कारण तो आता मजुरी सांगणार होता, आणि त्या वेळी आपल्या बाजूचा माणूस मध्ये बोलला की सौदा बिघडतो. सूरी म्हणाला, "अंकलजी ठीक कह रहे हैं. मॅगझिन नहीं चलेगी. बोल्ट का मुँह थोड़ा खोल देंगे, एक-एक करके भर लेना. कौन सा आपको शेर मारना है." मग मजुरी सांगितली. मी उठून उभी राहिले. "चला अण्णा." सूरीने बस म्हटलं. मी बसले नाही. अर्धा तास आमचं चाललं. तो उतरायचा, मी आणखी खाली खेचायची. चहा आला, घट्ट सायीचा. मी चहाला हात लावला नाही, हासुद्धा माझा बाजारातला नियम. आणि मग मला ती युक्ती सुचली. माझी स्वतःची, कोणी शिकवलेली नाही.

मी म्हटलं, "जुनी नळी तुम्ही ठेवा. मेलेलीच आहे ना? लोखंड तुमचं. आणि आमच्याकडून एक पैसा घ्यायचा नाही."

सूरीने कपाळाला हात लावला. "बेटी, कबाड़ का मैं क्या करूँगा?"

"ते तुमचं तुम्ही बघा. विकत घेणारे तुम्हाला सापडतात."

त्याने मुलाकडे बघितलं. मुलाने छताकडे. मग सूरी मोठा उसासा टाकून म्हणाला, "चल, तेरी ज़िद. ले जा." नरेश म्हणाला, "पापाजी, लड़की ने तो लूट लिया आज!" आणि सगळे हसले. मीसुद्धा. अण्णा तेवढे हसले नाहीत. मागचे मिस्त्रीही नाहीत.

निघताना अण्णांनी पावती मागितली. सूरी म्हणाला, "बिल किस बात का, अंकलजी? पैसा तो आपकी बेटी ने लगने ही नहीं दिया." लायसन्सवर बदलाची नोंद लागते, ती मी करवून देतो, एक कॉपी ठेवून जा, असं तो म्हणाला. आम्ही शेजारून झेरॉक्स काढून आणून दिली. बसमध्ये मी अण्णांना म्हटलं, "बघितलंत? फुकटात!" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अच्छा झालं, बेटा." ते मला कधी बेटा म्हणत नसत. कुंदे म्हणत.

पंधरवड्याने रायफल घरी आली. अण्णांनी ती सतरंजीवर मांडीत घेतली. नवी नळी जाड, जुन्या लाकडात कशीबशी खाच वाढवून बसवलेली. बोल्ट खरखरत होता. त्यांनी सवयीने कडेचं बटण दाबलं. चक्र रिकामंच गरागरा फिरलं. सूरीने बरोबर दिलेलं तीन-पंधराचं नवं एक काडतूस त्यांनी वरून दाबून पाहिलं. ते कडेवर अडकलं आणि तिरपं राहिलं. त्यांनी ते काढलं, डब्यात ठेवलं, रायफल रजयांखाली ठेवली आणि मला म्हणाले, "लायसन्सला चालेल." आई म्हणाली, "पोरीने केवढं काम केलं, तिला काही बोला तरी." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी आईने माझ्या कौतुकाचे बटाटेवडे केले आणि मी सहा खाल्ले.

त्या अधिकाऱ्याला रायफल दाखवली. त्याने बोल्ट ओढून पाहिला, नवं काडतूस पाहिलं, शिक्का मारला. आकडे कोणी ताडून पाहिले नाहीत. मग निवडणूक आली. निवडणुकीच्या आधी लायसन्सच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. अण्णा ते काम नेहमी पहिल्या दिवशी करून टाकत. त्या सकाळी गेले ते संध्याकाळी पाच वाजेपर्यंत आलेच नाहीत. आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक हवालदार होता. ठाण्यातल्या मुन्शीने लायसन्स आणि रायफल शेजारी ठेवून वाचली होती. कागदावर साडेसहा, लोखंडावर तीन-पंधरा. नोंद झालेलीच नव्हती. परवानगीशिवाय हत्यारात बदल, म्हणजे गुन्हा. आणि गुन्हा दाखल झालेला माणूस सरकारी नोकर, म्हणजे दुसऱ्या दिवशी ऑफिसात निलंबन.

आम्हाला वाटलं, सूरीकडे गेलं की मिटेल. अण्णा गेले. सूरी म्हणाला, "कौन सी रायफल, अंकलजी?" इतकंच. मी गेले तेव्हा मला आत येऊ दिलं नाही. मी रस्त्यावर उभी राहून जे काय ओरडायचं ते ओरडले. लोक जमले, बघून निघून गेले.

मग खात्याची चौकशी. लांब कॉरिडॉर, फायलींच्या रांगा, एक बाक. मी बाकावर बसले होते आणि दार अर्धं उघडं होतं. सूरी स्वच्छ कोट घालून आला, मुलालाही घेऊन आला. बापाने सांगितलं, ही रायफल माझ्या दुकानात आलेली नाही. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "इन साहब को मैं पहली बार देख रहा हूँ." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण अण्णांनी मला शपथ घातली होती, गप्प बसायची. अधिकाऱ्याने अण्णांना विचारलं, पावती आहे? नाही. पैसे दिल्याचा काही पुरावा? पैसे दिले नाहीत. फुकट काम कोण करतं? मग त्याने विचारलं, "दुकान में आपके साथ कौन था?"

अण्णा म्हणाले, "कोई नहीं. मैं अकेला था."

मी बाकावरून उठले. दारातून ओरडले, "मी होते! सौदा मी केला!" शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. आतून अण्णांचा आवाज आला, एवढ्या शांतपणे की मला तो आजही सहन होत नाही. "लड़की है, सर. घबरा गयी है. वो नहीं थी." सतरा वर्षांच्या मुलीचं नाव बंदुकीच्या केसमध्ये, पोलीस ठाण्यात, कोर्टात जाऊ नये म्हणून माझे वडील जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले. तेवढं एकच खोटं खरं मानलं गेलं. त्यांचं बाकीचं सगळं खरं, ते खोटं ठरलं.

नोकरी गेली. कोर्टात दंडावर सुटले, रायफल सरकारजमा झाली. क्वार्टर सोडायला तीन महिने मिळाले. आम्ही मुनीरक्यात एका खोलीत गेलो. मी कॉलेज सोडलं, एक्सपोर्टचा उरलेला माल ढिगाने उचलून सरोजिनीत विकू लागले, पुढे मानेसरला गाड्यांच्या रबरी वॉशरचं वर्कशॉप काढलं. ते सगळं मी स्वतः उभं केलं, कोणाचे उपकार नाहीत. पण हे त्याबद्दल नाही. अण्णा एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायला जात. त्यानंतर त्यांनी काडतुसांबद्दल एक अक्षर काढलं नाही. एकदा मी जेवताना मुद्दाम म्हटलं, "अण्णा, थर्टी-थर्टीचं टोक बोथट का असतं?" ते म्हणाले, "विसरलो, कुंदे. आमटी वाढ." मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते, आणि भांडण झालं असतं तर काहीतरी संपलं असतं. ते गेले, आणि ते काहीही संपलं नाही.

अण्णा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मानेसरला मला लेथवर काम करणारा जुना, हाताचा पक्का माणूस हवा होता. कोणीतरी अख्तरमियाँना पाठवलं. खूप म्हातारे झाले होते. मजुरीवरून मी नेहमीसारखी सुरू झाले आणि ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. म्हणाले, "बीबी, आप वही तो नहीं, जिसने वो नली दिलवा दी थी?" सूरीच्या दुकानात मागे कानस चालवत होते ते हेच. त्यांनी जे सांगितलं ते मी उभ्यानेच ऐकलं. नळीत गंज नव्हता. झेंडूचा रस, कुंकू आणि जुनं तेल मिळून आत थर बसला होता. "ब्रश और तेल से आधे घंटे में मैंने ही साफ़ की. आईने जैसी निकली." परदेशातून काडतुसं मागवणाऱ्या एका फार्महाउसवाल्याच्या तशाच रायफलीवर ती चढली, जिची नळी खरोखर मेलेली होती. सूरीने आमची रायफल हातात घेतली त्याच क्षणी त्याला ते गिऱ्हाईक आठवलं असणार. मी विचारलं, तेव्हा का नाही बोललात? ते म्हणाले, "बोलता तो रोटी जाती. और आप तो खुद दे रही थीं." मी त्यांना कामावर ठेवलं. सांगितली ती मजुरी दिली, एक पैसा कमी केला नाही. वर्षभरात तेही गेले. त्यांच्याकडून लिहून घ्यायला हवं होतं. कोणाला दाखवायला, हे मात्र मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी दुकानात गेले. सूरी कधीच गेला. नरेश आहे. सत्तरीपलीकडचा, गुडघे गेलेले, काउंटरमागे गादीच्या खुर्चीत. मी नाव सांगितलं, अण्णांचं नाव सांगितलं. आधी त्याला काही आठवेना. मी म्हटलं, "इमली." तेव्हा त्याचा चेहरा बदलला.

"बहनजी, पापाजी तो रहे नहीं. अब क्या निकालना इसमें से?"

"तू होतास ना तिथे."

"मैं तो लड़का था. जो पापाजी ने कहा, बोल दिया." मग अगदी धंद्याच्या आवाजात, "आप बताइये, क्या चाहिये? कोई फ़िगर बोलिये. सेटल कर लेते हैं, यार, इस उम्र में."

आयुष्यभर मी लोकांना आकडा सांगायला लावला. त्या दिवशी माझ्याकडे आकडा नव्हता. मी म्हटलं, एक ओळ लिहून दे. रायफल आली होती आणि मुलगी बरोबर होती. तो हसला नाही, चिडला नाही. म्हणाला, "लिखके मैं कुछ नहीं दूँगा." मी त्याच्या काउंटरवरचा चहाचा ग्लास हाताने उडवला. त्याच्या नोकराने सांडलेला चहा शांतपणे पुसला. मी बाहेर आले.

मला कळतं की आता त्या ओळीचा काही उपयोग नाही. ज्याने अण्णांना खोटं ठरवलं तो अधिकारी हयात नाही, ती फाईल कोणी जाळली असेल किंवा रद्दीत गेली असेल, आणि ज्यांना ती वाचून बरं वाटलं असतं ते आई-अण्णा दोघंही नाहीत. माझ्या घरच्यांना वाटतं, म्हातारीने एक जुनी गोष्ट धरून ठेवली आहे. ठेवली आहे. माझ्या वाट्याचं मी वर लिहिलं. नळी मी दिली, वडिलांना मी गप्प केलं, पावती माझ्यामुळे झाली नाही. याचा जाब मी रोज देते. पण मी सतरा वर्षांची होते आणि माझं चुकलं. तुम्ही बापलेक धंदा करत होता आणि तुम्ही ठरवून केलंत. नरेश सूरी, तू अजून जिवंत आहेस, म्हणून तुला विचारते. त्या दुपारी तुझ्या दुकानात माझे वडील आले होते की नव्हते? मी त्यांच्या शेजारी उभी होते की नव्हते? अधिकाऱ्यासमोर त्यांच्याकडे बघून, पहिल्यांदा बघतोय म्हणालास, तेव्हा ते तुझ्याकडे बघत होते. त्यांना काय उत्तर देणार आहेस ते मला सांग.